एक्स्ट्रा प्लेट

आईचं इंग्रजी आमच्या सगळ्यांत चांगलं होतं, पण हॉटेलात शिरलं की ती एकच वाक्य बोलायची, "वन एक्स्ट्रा प्लेट, प्लीज." बाबा स्वतःचं मागवायचे, मी माझं मागवायचे, आणि वेटर तिच्याकडे वळला की ती हसून हे वाक्य म्हणायची. मग ती रिकामी पांढरी प्लेट यायची आणि आमच्या टेबलावरचा ठरलेला कार्यक्रम सुरू व्हायचा. बाबा त्यांच्या सँडविचचा एक कोपरा तोडून तिच्या प्लेटमध्ये ठेवायचे, मी चिप्सची मूठ टाकायचे, सूप असलं तर ती माझ्याच वाटीत ब्रेड बुडवायची. पर्समधून लसणाच्या चटणीची पुडी निघायची. सगळं मांडून झालं की ती म्हणायची, "बघा, मलाच सगळ्यांत जास्त व्हरायटी!" आणि आम्ही हसायचो. हा विनोद आम्ही डब्लिनमध्ये ऐकला, कॉर्कला ऐकला, सुट्टीत जाऊ तिथे ऐकला, आणि प्रत्येक वेळी हसलो.

कोणी म्हणेल काटकसर असेल. तसं काही नव्हतं. बाबा आयर्लंडमधल्या नास गावाजवळच्या एका कारखान्यात होते, तिथे हृदयात बसवायच्या झडपा बनत, आणि आमचं बरं चाललं होतं. बाबांचं काम गुणवत्ता तपासण्याचं. त्यामुळे हॉटेलातला मेन्यू ते कारखान्यातल्या कागदासारखा वाचायचे, म्हणजे खालून वर. प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे असायचे, कशात दूध आहे, कशात अंडं, कशात मासा, ते सांगणारे. बाबा आधी तळाशी दिलेले अर्थ पाठ करायचे, मग वेटरला विचारायचे की ज्या तेलात मासा तळता त्याच तेलात बटाटे तळता का. तो बिचारा आत जाऊन विचारून यायचा. मग दुसरा प्रश्न. आम्ही शाकाहारी, पण वेटरला वाटत असावं की तपासणीला सरकारी माणूस आलाय. मी चौदा-पंधरा वर्षांची होते, आणि त्या वयात टेबलाखाली शिरायला जागा असती तर शिरले असते. या सगळ्या गोंधळात आईच्या हातात कधी मेन्यू गेला नाही, हे कोणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

नासच्या घरात कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या तेव्हा शेजारच्या बाई पहिल्या-पहिल्यांदा खिडकीत यायच्या. पुढे त्यांना सवय झाली आणि तिसऱ्या शिट्टीला त्या आपला चहा टाकायला लागल्या. मागच्या खोलीच्या प्लास्टिकच्या छपरावर दिवसभर पाऊस वाजायचा. वरणाला फोडणी बसली की आई सगळी दारं लावून घ्यायची, नाहीतर कोटांना हिंगाचा वास लागतो म्हणून. आयरिश लोक कपाटाला प्रेस म्हणतात, तेव्हा आमचे पोहे, साबुदाणा, गोडा मसाला हे सगळं महिन्याभरात 'प्रेसमध्ये' राहायला गेलं. घरातही आई सगळ्यांना गरम पोळी वाढून शेवटी बसायची, पण घरी ते दिसत नाही. घरी सगळ्याच आया तशा असतात असं आपल्याला वाटतं. मला आता इतक्या वर्षांनी हे लिहिताना दिसतंय ते तेव्हा समोर असून दिसलं नव्हतं.

त्या शेजारच्या बाईंचं आणि आईचं मात्र पहिल्या भेटीतच जमलं. बाईंनी चहा विचारला. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आई म्हणाली, "नको नको, आत्ताच झाला." बाई म्हणाल्या, "अगं, घोटभर." आई म्हणाली, "खरंच नको." तेव्हा बाई म्हणाल्या, "आ, यू विल," म्हणजे घेशीलच, आणि किटली चालूही केली. आई घरी आली ती खूश होऊन. "अहो, हे लोक आपल्यासारखेच आहेत! तीनदा विचारतात!" तिला वाटलं सगळा युरोपच असा असणार. पुढच्या सुट्टीत ब्रसेल्सला वेटरने तिला काय हवं विचारलं, तिने संकोचाने "नथिंग फॉर मी" म्हटलं, आणि तो मान डोलावून निघून गेला. पुन्हा आलाच नाही, एक्स्ट्रा प्लेटही राहिली. आई त्याची वाट बघत बसली होती हे मला आठवतं. संध्याकाळी तिने खोलीवर घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या आणि म्हणाली, "इथले लोक जरा तुटक आहेत."

मग एका उन्हाळ्यात आजोबा आले. आईचे वडील, अमरावतीचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आजी जाऊन वर्ष झालं होतं. ते आईला बेबी म्हणायचे आणि मला पोट्टी. येताना धोतराच्या घडीत गुंडाळून त्यांनी तिखटाची बरणी आणली होती. विमानतळावर उतरल्यावर पहिला प्रश्न विचारला, "काहून वं बेबी, इथी सूर्य निघत नाई का?" सगळ्याची तपासणी करायची त्यांना सवय. बाबांच्या गाडीचा आवाज ऐकून त्यांनी पट्टा बदलायला आलाय म्हणून सांगितलं आणि तो खरंच आला होता. बाबांनी त्या दिवसापासून सासऱ्यांना मानायला सुरुवात केली.

त्याच सुमारास आमच्या घरात एक गोष्ट अडकून बसली. पुण्यात आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. इथे आल्यावर परवानगीच्या कागदांमध्ये, परीक्षांमध्ये तिची दोन-तीन वर्षं गेली आणि अखेर आमच्याच गावातल्या इस्पितळाने तिला प्रयोगशाळेत बोलावलं. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी सकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. आम्हाला वाटलं ती उड्या मारेल. ती म्हणाली, "बघू." बाबा म्हणाले, "तुझं तू ठरव." ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" बाबा म्हणाले, "मला काय, तुला वाटेल ते." असं दोन आठवडे. आणि एक दिवस मी जिन्यावर बसले असताना ती भारतात मंगलामावशीशी फोनवर आजोबांबद्दल बोलत होती. "बाबांना एकटं कसं ठेवायचं गं? मी त्यांच्याबरोबरच येईन म्हणते. वर्षभर तरी. इथे काय, हे दोघं निभावतील." वर्षभराचं काय होतं ते मला माहीत होतं, वर्गातल्या एका मुलीचे वडील असेच वर्षभरासाठी गेले ते परतलेच नव्हते. आई गेली असती तर आमचं घर दोन देशांत वाटलं गेलं असतं. मी कोणाला काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून मला घास उतरेना.

त्या आठवड्याअखेरीला बाबांनी आजोबांना समुद्र दाखवायला क्लेअरच्या किनाऱ्यावर न्यायचं ठरवलं. खरं तर घरातून बाहेर पडलं की कोणीतरी काहीतरी बोलेल अशी त्यांना आशा होती. वाटेत दोनदा खायला थांबलो, दोन्हीकडे बाबांचे प्रश्न झाले, दोन्हीकडे एक्स्ट्रा प्लेट आली. आजोबा ब्राऊन ब्रेडला लोणी लावत म्हणाले, "हे तं आपली ज्वारीची भाकरच फुगून बसली." पण त्यांचं लक्ष ब्रेडकडे नव्हतं, आईच्या प्लेटकडे होतं. बाबांनी त्यात टोस्टीचा, म्हणजे भाजलेल्या सँडविचचा, तुकडा ठेवला, मी कोबीचं सॅलड ठेवलं, आजोबांनी लोण्याची सुरी खाली ठेवली. आजोबांनी असं हातातलं खाली ठेवलं की जपून राहावं, हे मला तेवढ्या दिवसांत कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आडवा पाऊस लागला. छत्र्या उलट्या झाल्या. समुद्रकाठच्या एका छोट्या गावात एकच हॉटेल उघडं दिसलं, तेही तीन वाजता स्वयंपाकघर बंद करणार होतं. आम्ही ओले कोट खुर्च्यांवर टाकून बसलो. मालकीणबाई स्वतःच वाढत होत्या, बाह्या दुमडलेल्या, साठीच्या पुढच्या, नाव नोरा. शेगडीत पीट, म्हणजे दलदलीतल्या मातीची वाळवलेली ढेकळं, जळत होतं आणि त्याचा गोवऱ्यांसारखा वास आल्याबरोबर आजोबांनी खुर्ची तिकडे ओढली. टेबलावर दोनच मेन्यू होते. बाबांनी एक उचलला, खालून वाचायला लागले. दुसरा मी घेतला. नोराबाईंनी बाबांच्या सगळ्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरं दिली, तेल वेगळं, कढई वेगळी, रस्सा भाज्यांचाच. बाबांचे प्रश्न पहिल्यांदाच संपले. त्यांनी सूप सांगितलं, मी टोस्टी सांगितली. नोराबाई आईकडे वळल्या. आईने तोंड उघडलं, "वन एक्स्ट्रा—"

"थांब," आजोबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आजोबांनी माझ्या हातातला मेन्यू घेतला आणि आईच्या पुढ्यात ठेवला. "मले आज भूक नाई. ते रिकामी ताटली मी घेतो. तू मांग."

"बाबा, असं काय? तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही."

"तू मांग म्हणतो ना मी."

आई हसली, नेहमीसारखी. नोराबाईंना म्हणाली, मला खरंच काही नको, मी यांच्यातलं खाईन. नोराबाईंना मराठी येत नव्हतं आणि आजोबांना इंग्रजीची वाक्यं येत नव्हती, पण दोघांनी एकमेकांकडे एकदा पाहिलं आणि काय ते त्यांचं ठरलं. नोराबाई म्हणाल्या, "काहीतरी घे गं, बाहेर बघ कसा पाऊस आहे." आई म्हणाली, "नो, रिअली, आय ॲम ग्रँड." इथे राहून तीही 'ठीक'ला ग्रँड म्हणायला लागली होती. नोराबाईंनी पेन्सिल कानामागे खोचली, शेजारची खुर्ची ओढली आणि सरळ बसल्या. "आ, यू विल," त्या म्हणाल्या. "तुझं होईपर्यंत मी उठत नाही." घड्याळ तीनकडे चाललं होतं आणि स्वयंपाकघर बंद करायची कोणाला घाई दिसत नव्हती.

आईने मेन्यू उचलला. तिने तो दोन्ही हातांत धरला होता. वरून सुरुवात करून ती एकेक ओळ वाचत गेली, मागची बाजू वाचली, परत पुढची वाचली. माझ्या मनात एकदम आलं, आपण इतक्या ठिकाणी जेवलो, पण आईला काय आवडतं हे मला माहीत नाही. शेवटी तिने मशरूम आणि लीक, म्हणजे जाड कांद्याची पात, पारीत भरून भाजलेली पाई सांगितली, बरोबर कुस्करलेला बटाटा. मग बोट ठेवून विचारलं, "हे रुबार्ब म्हणजे काय?" नोराबाई उठून आत गेल्या आणि एक लालसर, हातभर लांबीचा देठ घेऊन आल्या. आईने तो मोडला, हुंगला, आणि तिचा चेहराच बदलला. "अय्या, बाबा, हा तर आपला आंबटचुका! तसाच वास!" प्रयोगशाळेत असल्यासारखी ती तो देठ उजेडाकडे धरून बघत होती. तिने तेही मागवलं. रुबार्बचा क्रंबल, म्हणजे वर पिठाचा कुरकुरीत चुरा पसरून भाजलेला गोड पदार्थ, कस्टर्ड घालून.

जेवण आलं. तिच्यापुढे तिची स्वतःची वाफाळती, भरलेली प्लेट होती, आणि आजोबांपुढे रिकामी. आईने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि लगेच दुसऱ्या घासाला काटा आजोबांच्या ताटलीकडे वळवला. आजोबांनी ताटलीवर पालथा हात ठेवला.

"हे काय करून राह्यली तू?"

"बाबा, थोडं तरी चाखा."

"नाई. सारं तूच खा." मग त्यांचा आवाज उतरला. "तुही आई बी असंच करे वं. साऱ्याईचं झालं का मंग बसे, कढईतलं पुसून खाये. मले वाटे, या बाईले भूकच कमी हाय. ते गेल्यावर आता मी एकटा रांधतो, तवा समजलं का शेवटी काय उरते म्हणून."

आईने काटा आपल्या प्लेटच्या काठावर ठेवला. बाबा सूपकडे बघत होते. आजोबा शेगडीकडे बघत पुढे बोलले, "मंगलानं सांगतलं मले फोनवर. तिकीट पाहून राह्यली म्हणे तू माह्यासंगं."

"तुम्ही एकटे कसे राहणार?"

"मी काय लहान पोट्टा आहो का? सकाळी मैदानावर माही मंडळी हाय, संध्याकाळी वाचनालय हाय, भाकर मले तुह्यापेक्षा बरी थापता येते. आजारी पडलो तं सांगीन, तवा ये. माह्या घरी माहं ताट हाय, बेबी. तुह्यं सोडून माह्यात कायले बसते?"

मला रडू आलं आणि मी ते टोस्टी गरम आहे म्हणून खपवलं. आईने रुमाल काढला नाही, डोळे पुसले नाहीत. तिने पाई खाल्ली. कडेची कुरकुरीत पारी, बटाटा, सगळं, सावकाश, कोणालाही न देता. मी तिला पहिल्यांदाच एका ताटातलं सुरुवातीपासून शेवटपर्यंत जेवताना पाहत होते. क्रंबल आला तेव्हा त्याचा वास आजोबांपर्यंत गेला. चुक्याची भाजी त्यांच्या जिवाची, हे घरात सगळ्यांना माहीत. ते ताटलीवर हात ठेवून शेगडीकडे बघत राहिले, पण त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. नोराबाईंनाही दिसलं असावं. त्या एक वेगळी वाटी घेऊन आल्या. आजोबांनी "नो, नो" म्हटलं. त्यांनी पुन्हा पुढे केली. आजोबांनी पुन्हा "नो" म्हटलं, जरा हळू. "आ, यू विल," नोराबाई म्हणाल्या आणि वाटी ठेवून गेल्यासुद्धा. आजोबा म्हणाले, "बाई समजदार हाय," आणि चमचा उचलला.

वाटी अर्धी झाल्यावर आई म्हणाली, "बाबा, मी सोमवारी हो म्हणणार आहे."

"मंग म्हण ना. मले कायले विचारते? त्याईले सांग."

"विचारत नाहीये," आई म्हणाली. "सांगतेय." आणि आजोबा इतके हसले की त्यांना कस्टर्डचा ठसका लागला. बाबांनी पाठीवर थोपटलं, आणि थोपटता थोपटता त्यांचे डोळे भरले, ते म्हणाले शेगडीच्या धुराने. गाडीत बसल्यावर आईने पुढच्या सीटवरून हात मागे करून माझा गुडघा दाबला. तिला जिन्याचं माहीत होतं की काय, मी कधी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर मला इतकी भूक लागली की पेट्रोल पंपावर थांबून दोन मोठे चिकट बन खाल्ले.

लोक मला विचारतात, तुम्ही इथे राहिलात ते कशामुळे. मी कामधंद्याची, शाळेची कारणं सांगते, ती खोटी नाहीत. आई पुढे त्याच प्रयोगशाळेत निवृत्त झाली. वर्षाआड आजोबांकडे जायची, आणि त्यांना खरंच बरं नव्हतं तेव्हा तीन महिने राहून आली. त्यासाठी तिला कोणाला विचारावं लागलं नाही. पण माझ्यासाठी आम्ही या देशात राहिलो ते त्या पावसातल्या टेबलावर. त्या गावात मी नंतर दोनदा गेले, हॉटेलाचं दुसरंच काही झालंय. शेगडी आहे अजून.

त्या उन्हाळ्यात आजोबा अमरावतीला परत निघाले त्या दिवशी विमानाला वेळ होता म्हणून आम्ही विमानतळाजवळच्या स्वोर्ड्सला एका हॉटेलात शिरलो. आजूबाजूला विमानतळावर काम करणारी माणसं गळ्यात ओळखपत्रं घालून घाईघाईने जेवत होती. आईला रुजू व्हायला अजून अवकाश होता, पण तिच्या वागण्यात आत्ताच काहीतरी घाई शिरली होती. आजोबा नवा स्वेटर घालून बसले होते, पायाशी तिखटाची बरणी असलेली पिशवी. तिखट संपलेल्या त्या बरणीत आता आईने शेजारच्या बाईंकडचा रुबार्बचा मुरंबा भरून दिला होता. वेटर तरुण होता, आमच्यासारखी बरीच कुटुंबं त्याने पाहिली असावीत. चार माणसं पाहून त्याने आपणहूनच विचारलं, "एक्स्ट्रा प्लेट्स लागतील का?"

मी आईकडे पाहिलं, बाबांनी आईकडे पाहिलं. तिने तोंड उघडायच्या आत आजोबा पुढे झुकले. त्या उन्हाळ्यात त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं इंग्रजीतलं एवढं एकच वाक्य, तेही चार बोटं वर करून.

"नो एक्स्ट्रा. फोर पीपल, फोर प्लेट."

वेटर म्हणाला, "ग्रँड." आई मेन्यू उघडून वरून वाचायला लागली होती.